बायांचे प्रश्न आणि माझं जीवशास्त्र

(घाटंजी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

'स्त्रिया आणि विज्ञान' या विषयावर मी बोलावं असं संयोजक बायांनी सुचवलं. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान. म्हणून मी एवढंच ठरवलं आहे की, गेल्या काही वर्षांत या तालुक्यात मी जे शिकवलं आणि शिकवताना मला जे विचारलं गेलं, त्याबद्दल बोलायचं. विज्ञान आपल्या चळवळीच्या काय कामाचं आहे, आणि कुठे त्याच्यावर विसंबून चालत नाही, हे मला त्या प्रश्नांमधूनच कळलं.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी इथलीच. आईनं निंदणाला आणि कापूस वेचायला जाऊन मला शिकवलं. अमरावती विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता पीएच.डी.चं काम चालू आहे. पोटासाठी तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक नसेल. जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. निंदणाची रोजंदारी आणि माझी नोकरी यांत फार फरक नाही असं आई म्हणते, फक्त माझं काम सावलीत आहे. रविवारी आम्ही तीन-चार मैत्रिणी गावांत आणि पारव्याकडच्या पोडांवर जातो. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेची ही गावं आहेत, वाघाचा वावर आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत परतावं लागतं. बैठक दुपारीच घ्यायची, आणि दुपारी बाया वावरात असतात. विज्ञानप्रसार कसा करावा याची पुस्तकं आहेत, पण आमची पहिली अडचण बायांना वेळ कधी असतो हीच होती.

न शिकवलेला धडा

सुरुवात वर्गापासून करते. दहावीच्या आणि बारावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. तरीही आपल्यापैकी किती जणींना हा धडा वर्गात शिकवला गेला? मला नाही शिकवला. आमच्या शाळेत "हा घरी वाचून या" असं सांगून पुढचा धडा सुरू झाला होता. घरी जाऊन कोणाला विचारणार होतो आम्ही?

मी शिकवायला लागले तेव्हा मला सल्ला मिळाला की मुलींना वेगळं बसवा. मी मुलामुलींना एकत्रच शिकवलं. पाळी म्हणजे काय हे मुलींना थोडंफार अनुभवानं तरी कळतं, मुलांना ते कोणीच सांगत नाही, आणि उद्या घरात नियम करणारे तेच असतात. पहिले दोन दिवस हसण्यात गेले. तिसऱ्या दिवसापासून हसणं थांबलं. मी टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि सांगितलं, नाव न लिहिता चिठ्ठी टाका. आठवड्यात डबा भरला.

त्यातली एक चिठ्ठी अशी होती: "पाळीत लोणच्याला हात लावला तर लोणचं खरंच नासतं का?"

उत्तर मला सांगता आलं असतं. पण 'मॅडमनी सांगितलं' आणि 'आजीनं सांगितलं' यांत विज्ञान कुठे आलं? म्हणून वर्गातच लिंबाचं लोणचं घातलं. एकच लोणचं, सारख्या दोन बरण्या, दोन्ही कोरड्या. एका बरणीला पाळी चालू असलेल्या मुलींनी हात लावायचा, दुसऱ्या बरणीला नाही. हात दोन्हीकडे धुतलेले आणि कोरडे. कोणती बरणी कोणती, ते बुडाशी चिकटवलेल्या कागदावर. मुलींनी आपणहून तिसरी बरणी ठेवली, तिच्यात रोज ओला चमचा घालायचा. दोन महिन्यांनी बरण्या उघडल्या. पहिल्या दोन चांगल्या होत्या. तिसरीवर बुरशी होती.

एवढ्यानं घरं बदलली असं मी सांगणार नाही. एका मुलीच्या आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या कॉलेजातलं लोणचं येगळं असंन." पण त्याच मुलीनं नंतर सांगितलं की आजी गावाला गेली की आई तिला बरणी काढायला सांगते. बदल असाच, एखाद्या फटीतून येतो. आणि मुलींना त्या दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट कळली. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे तपासायची रीत असते, आणि ती रीत आपल्याही हातात असते.

पोरगा कोणाच्या हातात?

दुसरा प्रश्न वर्गातला नाही, गावातल्या बचत गटाच्या बैठकीतला. तीन मुलींच्या आईला नवरा आणि सासू दोघंही छळत होते. 'पोरगा होण्याचं औषध' म्हणून कोणीतरी दिलेली पुडी ती दर गरोदरपणात खात होती. गटातल्या बायांनी मला विचारलं, "बाई, पोरगा का पोरगी हे कोणाच्या हातात असते, ते एकदा सांगून द्या."

हे सांगायला मी फळा नेला नव्हता. चवळीचे दाणे नेले होते, लाल आणि पांढरे. बांगड्यांनीही हे दाखवता येतं, पण बैठकीत विधवा बायाही असणार हे ठाऊक होतं. बांगडी पुढे केली की त्या मागे सरकतात. चवळीला सगळ्या हात लावतात.

दोन कापडी पिशव्या घेतल्या. एक आईची, एक बापाची. आईच्या पिशवीत दोन्ही दाणे लाल. बापाच्या पिशवीत एक लाल, एक पांढरा. लाल म्हणजे एक्स गुणसूत्र, पांढरा म्हणजे वाय. न पाहता दोन्ही पिशव्यांतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही लाल आले तर मुलगी, एक लाल एक पांढरा आला तर मुलगा. मग दाणे परत आपापल्या पिशवीत टाकायचे आणि पुढचीनं काढायचे. प्रत्येक बाईनं काढले. चार-पाच जणी झाल्यावर मागे बसलेली एक जण म्हणाली, "आईच्या पिशवीत पांढरा हायेच नाई, तं ते देईन कोठून?"

हे शोधलं कोणी, हेही मी सांगितलं. नेटी स्टीव्हन्स नावाची अमेरिकेतली बाई. पिठात, कोंड्यात होणारी जी अळी आपण चाळणीनं चाळून फेकून देतो, तसल्याच किड्याच्या पेशी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत १९ मोठी आणि १ लहान. त्या किड्यात लिंग कशानं ठरतं याचा माग तिला लागला: नराकडून कोणतं गुणसूत्र येतं यावरून. हे साल १९०५. त्याच वर्षी विल्सन नावाच्या शास्त्रज्ञानंही स्वतंत्रपणे असंच काम प्रसिद्ध केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं नाव बहुतेक त्याचंच घेतलं गेलं. माणसातही नियम तोच आहे. बीज फळतं त्याच क्षणी लिंग ठरून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खाल्लेल्या पुडीनं ते बदलत नाही. उलट त्या पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि पोटातल्या बाळाचे अवयव नेमके त्याच दिवसांत घडत असतात.

यावर बैठकीत काही वेळ कोणी बोललं नाही. मग ती तीन मुलींची आई म्हणाली, "मंग इतके दिवस मी मार काहून खाल्ला?"

बाया बोलायला लागल्या. "आता सांग तुह्या नवऱ्याले, दोष तुहाच हाये म्हणून." हशा झाला. मलाही वाटलं की काम झालं. तेवढ्यात एक म्हातारी बाई बोलली. निरक्षर आहे, उभा जन्म मजुरीत गेला. ती म्हणाली, "अन् बाईच्याच हातात असतं, तं मारनं बरोबर होतं का?"

मैत्रिणींनो, विज्ञानप्रसार करणाऱ्या आम्ही सगळ्या या प्रश्नापाशी अडतो. 'मुलगी झाली तर दोष बाईचा नसून पुरुषाचा' असं आपण भिंतींवर लिहितो, पथनाट्यात म्हणतो. पण त्या वाक्यात 'दोष' हा शब्द तसाच राहतो, फक्त एकाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला. मुलगी होणं हा दोषच आहे, हे आपण मान्य करून बसतो. बापाच्या पिशवीतून कोणता दाणा यावा हेही बापाच्या हातात नसतं. तो योगायोग आहे. गुणसूत्रांचा धडा बाईला खोट्या आरोपातून सोडवतो, एवढं त्याचं काम. मारणं चूक आहे हे सांगायला गुणसूत्रांची गरज नाही. ते माणुसकीनं आणि कायद्यानं सांगायचं आहे, आणि ते सांगायला संघटना लागते.

ज्ञान वाढलं की अन्याय आपोआप कमी होतो असं नाही, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. गर्भजल तपासणी, सोनोग्राफी हे विज्ञानच होतं. त्याचा वापर मुली पाडायला झाला. १९८० च्या दशकात स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्रात गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा झाला, आणि देशाचा कायदा १९९४ मध्ये. तरीही आपल्या राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. यंत्र चालवणारे लोक अडाणी नव्हते. लिंग कशानं ठरतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पोरीचं कार्ड पाहाल, तर पोराचंही पाहा

आता सिकलसेलकडे येते. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे, पण त्याविषयी बोलणं कुजबुजीतच चालतं. आदिवासी आणि दलित समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे त्याला जातीचीही कुजबूज चिकटलेली आहे.

रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये रक्तातलं हिमोग्लोबिन एका बारीक बदलामुळे प्राणवायू कमी पडला की ताठ होतं, आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक नसांत अडकतात. म्हणून हातपाय ठणकतात, पोटात कळ येते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रक्त सतत कमी. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायांचं रक्त कमीच असतं. त्यामुळे सिकलसेलच्या मुलीलाही "रक्त कमी आहे" एवढंच सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. त्याची तपासणी वेगळी आणि उपचार वेगळे. पाणी भरपूर पिणं, थंडी-तापापासून जपणं, फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे आणि त्यात तपासण्या होतात, कार्डं मिळतात.

कार्ड मिळतं, पण त्यावर जे लिहिलंय त्याचा अर्थ समजावून सांगायला कोणी थांबत नाही. आजारी असणं आणि वाहक असणं यांत फरक आहे. वाहकाकडे एक जनुक सिकलचं असतं आणि एक चांगलं. तो बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. पण माझ्या एका विद्यार्थिनीची जुळत आलेली सोयरीक तिच्या वाहक असल्याच्या कार्डावरून मोडली. मुलाची तपासणी झालेलीच नव्हती, आणि ती झाली आहे का असं मुलीकडच्या कोणीही विचारलं नाही. मुलीचं कार्ड मागायचं आणि मुलाचं मागायचं नाही, यात विज्ञान नाही. हुंडा ठरवताना मुलीला पारखतात, त्याच रांगेत हे कार्ड जाऊन बसलं.

त्या मुलीनं रडत बसायचं नाकारलं. पुढच्या बैठकीला ती माझ्यासोबत आली आणि तिनं स्वतः चवळीच्या पिशव्या धरल्या. आता दोन्ही पिशव्यांत एक लाल, एक पांढरा. लाल म्हणजे सिकलचं जनुक. दोघंही वाहक असतील तर असं असतं. बाया दाणे काढत गेल्या, मुलगी खडूनं खुणा करत गेली. चाळीस वेळा काढले, त्यात अकरा वेळा दोन्ही लाल आले. हिशेबानं दहा यायला हवेत, म्हणजे चारात एक. मग तिनं एका पिशवीत दोन्ही पांढरे टाकले, म्हणजे एकच जण वाहक. कितीही वेळा काढा, दोन लाल एकत्र येतच नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे माझं लग्न झालं तर अडचण नाही. मुलगा वाहक आहे की नाही, एवढंच पाहायचं आहे."

एका बाईनं नेमका प्रश्न विचारला. "चारात एक म्हणता, तं पहिलं लेकरू बिमार निघालं की पुढचे तीन चांगले का?" नाही. दाणे परत पिशवीत गेले, पिशवीला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक बाळंतपणाला तोच चारातला एक धोका नव्यानं असतो. कार्डामागे हे चार ओळींत लिहिता आलं तर किती घरांचा गोंधळ मिटेल.

त्या दिवशी गटातल्या बायांनी ठरवलं की आपल्या घरात सोयरीक जमवताना दोघांचीही कार्डं पाहायची. मुलाकडचे नाही म्हणाले तर तिथंच थांबायचं. हा ठराव आम्ही रजिस्टरमध्ये लिहिला. तो किती पाळला जाईल ते पुढे दिसेल. पण एक सावधगिरी मी तिथंही सांगितली, इथंही सांगते. 'आजारी लेकरू जन्मालाच येऊ नये' असं म्हणता म्हणता आज आजारी असलेली जी लेकरं आपल्यात आहेत, ती नकोशी ठरू नयेत. मोहिमेचं नाव निर्मूलन असलं, तरी निर्मूलन आजाराचं करायचं आहे, माणसांचं नाही.

पऱ्हाटीत बाईला काय दिसतं

आता तुमच्या-माझ्या वावराकडे. पऱ्हाटीची निंदण बाई करते, वेचणी बाई करते. पण बियाणं आणि फवारणीचं औषध घ्यायला दुकानात पुरुष जातो, आणि कृषी खात्याच्या बैठकीला बोलावणंही त्यालाच.

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या झाडात एका जीवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे झाडच बोंडअळीला मारक असं प्रथिन तयार करतं. पण लाखो अळ्यांत एखादी अळी हे विष पचवणारी असतेच. बाकीच्या मरतात, ती जगते आणि तिचीच पिल्लं वाढतात. डार्विननं सांगितलेली निवड ती हीच, ती आपल्या वावरातच चालू असते. हे होऊ नये म्हणून बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं येत असे. ते कडेनं लावायचं, म्हणजे साध्या झाडांवर साध्या अळ्या जगतात आणि त्यांच्याशी मिसळून विष पचवणाऱ्यांची पैदास पातळ होत राहते. किती जणांनी ते लावलं? आमच्या बैठकीतल्या एकाही बाईला त्या छोट्या पुडीचं कारण कोणी सांगितलेलं नव्हतं.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कहर केला. पण वेचणाऱ्या बायांना ते आधीच दिसत होतं. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या मिटून गुंडाळल्यासारख्या राहतात, ती डोमकळी. ती उघडली की आत अळी. डोमकळी मी पुस्तकात वाचली होती. पाच एकरांत कुठल्या तासात ती आधी दिसते हे मला एका मजूर बाईनं दाखवलं. बाईचं नुकसान दुहेरी होतं. वेचणीची मजुरी किलोवर. किडलेलं बोंड धड फुटत नाही, कवडी कापूस निघतो, तो बोटांनी ओढून काढावा लागतो. दिवस तेवढाच, वजन कमी, मजुरी कमी. बोंडअळीच्या नुकसानभरपाईचे अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्याचे होते. मजूर बाईच्या बुडालेल्या मजुरीसाठी अर्जाचा नमुनाच नव्हता.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. कीड आवरेना म्हणून फवारण्या वाढल्या होत्या, औषधं एकात एक मिसळली जात होती, आणि पऱ्हाटी डोक्याएवढी वाढल्यानं फवारा तोंडावर येत होता. फवारणारे बहुतेक पुरुष, त्यामुळे चर्चा त्यांचीच झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पंपात ओतायला पाणी आणते ती बाई. ओले कपडे धुते ती बाई. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला वाकते तीही बाईच. तिला चक्कर आली तर "उनानं झालं असंन" म्हणून ती घरीच पडून राहते.

हे विष काम कसं करतं ते समजून घ्या. आपली नस स्नायूला आखडायला सांगते, तेव्हा एक रसायन निरोप घेऊन जातं. निरोप पोचला की दुसरं एक रसायन तो पुसून टाकतं. फवारणीतली काही विषं हे पुसणारं रसायनच बंद पाडतात. निरोप पुसला जात नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांना धूसर दिसतं, बाहुली बारीक होते, उलटी होते, अंग थरथरतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ही लक्षणं उन्हाची नाहीत. कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि तडक दवाखान्यात जा. औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्या, कारण कोणतं विष आहे यावर उपचार ठरतात. वाचता येत नसेल तरी बाटलीवरच्या तिरप्या चौकोनाचा रंग पाहता येतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही, फक्त त्यातल्या त्यात कमी.

आमच्या मुली आणि प्रयोगशाळा

शेवटी माझ्या विद्यार्थिनींसाठी थोडं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेली. तेव्हा नोबेल मिळवलेल्या सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर तिला घेतलं. १९३९ मध्ये तिनं केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे नीरेवर आणि गोरगरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर काम केलं. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पण माझ्या वर्गातल्या मुलीला आज कोणी 'तू मुलगी आहेस' म्हणून तोंडावर नाकारत नाही. तिचा एसटीचा पास संपतो. घरी निंदण निघतं. प्रात्यक्षिकाचा तास संध्याकाळी ठेवला जातो आणि शेवटची गाडी त्याआधी सुटते. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असतो, कारण फुटला तर भरून कोण देणार. पोडावरच्या मुलांचं तर आणखी वेगळं. घरी कोलामी बोलणारं लेकरू शाळेत मराठीतून विज्ञान पाठ करतं. त्याला जंगलातल्या किती झाडापाखरांची नावं येतात हे कोणत्याच परीक्षेत विचारत नाहीत.

या नकारांविरुद्ध उपोषणाला बसावं असं त्या मुलींना वाटत नाही, कारण नकार देणारा कोणी समोर दिसत नाही. म्हणून हे काम एकट्या मुलीच्या जिद्दीवर सोडायचं नाही. ते संघटनेचं काम आहे.

मी तुमच्याकडे चार गोष्टी मागते. पहिली, आपल्या गावच्या शाळेत पालकसभेला आई म्हणून जा आणि विचारा की प्रजननाचा धडा वर्गात शिकवला का, मुलामुलींना एकत्र शिकवला का. दुसरी, सोयरिकीत सिकलसेलचं कार्ड मागायचं तर दोघांचं मागा, आणि वाहक मुलीला आजारी म्हणू नका. तिसरी, फवारणी झालेल्या वावरात लगेच कामाला लावलं तर 'नाही' म्हणायचं. हे एकटीनं म्हणता येत नाही, म्हणून गटानं म्हणा. चौथी, प्रात्यक्षिकाचा तास गाडीच्या वेळेआधी संपावा असा अर्ज मुलींनी लिहिला आहे. तो बाहेर टेबलावर आहे, त्यावर सह्या किंवा अंगठे हवेत.

माझ्याकडून मी एवढं देऊ शकते. पिशव्या आणि चवळी मी आणली आहे. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शकही आणला आहे. फोल्डस्कोप म्हणतात त्याला, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी तो बनवला, आणि तो कुलपात ठेवावा इतका महाग नाही. वाघाडीच्या पाण्याचा एक थेंब त्याच्याखाली ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी डोळा लावून पाहा. माझ्या विद्यार्थिनी समजावून सांगतील.

आता मी थांबते. प्रश्न विचारा. इथं विचारायला संकोच वाटत असेल तर बिस्किटांचा डबा दाराशी ठेवलेला आहे. लिहिता येत नसेल त्यांनी शेजारच्या मुलीकडून लिहून घ्या.